टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करावं का? महाप्याच्या एका इंजिनिअरला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये बीई, महापे एमआयडीसीतल्या केमिकल प्लँटमध्ये सहा वर्षं नोकरी, राहायला कळव्याला, घराचे हप्ते चालू, आईवडील सोबत. वरच्या जागा मॅनेजमेंटची पदवी असलेल्यांना मिळताना दिसतात, म्हणून टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करायचं मनात आहे. करावं का, नोकरी सोडून की सांभाळून, इथे की परदेशात, आणि एमटेक बरं की एमबीए?

माझं मत आधीच सांगते. करा, पण नोकरी न सोडता करा, आणि प्रवेश घेण्याआधी तुमच्याच प्लँटमधला एखादा अडलेला निर्णय हाताशी धरा. तो निर्णय हाताशी नसेल तर या पदवीतून फार काही मिळत नाही. असेल तर तिच्यातला जवळजवळ प्रत्येक विषय उपयोगी पडतो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांत कंट्रोल सिस्टिम आणि पुढे प्रकल्प सांभाळण्यात माझी दोन दशकांहून जास्त गेली, आणि या काळात ही पदवी घेतलेले बरेच जण मी मुलाखतीत टेबलापलीकडे पाहिले आहेत. त्यांच्यातला फरक कॉलेजच्या नावावरून कमी आणि या एका गोष्टीवरून जास्त पडतो.

मुळात हा विषय काय शिकवतो याबद्दल बराच गोंधळ आहे, तो आधी दूर करू. मशीन चालवायला, प्रोग्रॅम लिहायला, लूप ट्यून करायला तुम्हाला येतं. पण ते मशीन घ्यायचं का, आत्ता घ्यायचं की दोन वर्षांनी, विकत घ्यायचं की घरात बनवायचं, माणसांच्या हाती कसं उतरवायचं आणि जुनं कधी बंद करायचं, हे प्रश्न वेगळे. त्यांची उत्तरं इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नसतात आणि साध्या एमबीएतही अर्धवटच असतात.

आपल्या रोजच्या लोकलचंच उदाहरण घ्या. मुंबईच्या उपनगरी गाड्या कित्येक दशकं १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर धावल्या. त्या २५,००० व्होल्टच्या एसीवर न्यायचं ठरलं. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये पूर्ण झालं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये. एसी का हवी, हे कोणत्याही इलेक्ट्रिकल इंजिनिअरला ठाऊक होतं: व्होल्टेज वाढवलं की तेवढ्याच शक्तीसाठी करंट कमी लागतो, तारेतलं नुकसान घटतं, सबस्टेशनं कमी लागतात. अवघड भाग पुढचा होता. रोज लाखो माणसं नेणारी लाइन बंद ठेवता येत नाही. मग मार्गाचा कोणता तुकडा आधी बदलायचा? एका तुकड्यात डीसी आणि पुढच्यात एसी असेल तर गाडी कशी धावणार? त्यासाठी दोन्हींवर चालणारे रेक लागले. पंचवीस हजार व्होल्टच्या तारेला वरच्या पुलापासून जास्त अंतर लागतं, म्हणजे जुन्या बुटक्या पुलांचा प्रश्न आला. फक्त डीसीवर चालणाऱ्या गाड्यांचं काय करायचं, मोटरमन आणि मेंटेनन्सच्या माणसांना नवं शिक्षण कधी द्यायचं, ब्लॉक कोणत्या रात्री घ्यायचा, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं. यातला एकही प्रश्न निव्वळ विजेचा नाही आणि एकही निव्वळ पैशाचा नाही. टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटचा अभ्यास म्हणजे अशा गुंत्याचा अभ्यास.

चांगल्या अभ्यासक्रमात म्हणून काही गोष्टी असायलाच हव्यात. तंत्रज्ञान सुरुवातीला हळू सुधारतं, मग झपाट्याने आणि नंतर थबकतं; या एस-आकाराच्या वक्रावर आपण कुठे आहोत हे ओळखता आलं पाहिजे, कारण थबकलेल्या तंत्रज्ञानात नवे पैसे ओतणारे कारखाने आपल्या पट्ट्यातही कमी नाहीत. नवी गोष्ट लोकांमध्ये कशी पसरते, यावर एव्हरेट रॉजर्सने १९६२ मध्ये मांडलेला सिद्धांत आणि फ्रँक बासचं १९६९ मधलं गणिती मॉडेल. एखादं तंत्रज्ञान प्रयोगशाळेत आहे की मैदानात उतरायला तयार आहे हे मोजायची नासाची एक ते नऊ अशी पट्टी. व्हेंडर समोर बसून ब्रोशर उलगडतो तेव्हा 'हे नेमकं कितव्या पायरीवर आहे' एवढा एक प्रश्न विचारला की बोलण्याचा सूर बदलतो. पेटंट, परवाने आणि तंत्रज्ञान हस्तांतराचे करार. आपल्याकडे पेटंटची मुदत २० वर्षं असते आणि ती संपल्यावर काय मोकळं होतं हे केमिकल आणि औषध कंपन्यांमधल्या इंजिनिअरला कळायलाच हवं. आणि शेवटी वित्त, जे इंजिनिअर मंडळी सर्वांत जास्त टाळतात.

वित्ताबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमची बढती बहुधा तिथेच अडली आहे. समजा तुमच्या प्लँटमधल्या पंपांवर व्हायब्रेशन सेन्सर बसवून बिघाड आधीच ओळखायचा प्रस्ताव आहे. खर्च ४० लाख. एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) वगैरे वजा जाता दरवर्षी १२ लाखांची बचत, सिस्टिमचं आयुष्य पाच वर्षं धरू. सहसा इंजिनिअर मिटिंगमध्ये काय सांगतो? 'सव्वातीन-साडेतीन वर्षांत पैसे वसूल, पुढचा सगळा फायदा.' फायनान्सचा माणूस मान हलवतो आणि फाइल बाजूला जाते. का? कारण पाच वर्षांनी मिळणारे १२ लाख आणि आजचे १२ लाख सारखे नसतात. कंपनीचा भांडवलाचा खर्च, म्हणजे पैसा उभा करायला वर्षाला पडणारा दर, १२ टक्के धरला तर पाच वर्षांच्या त्या बचतीची आजची किंमत होते सुमारे ४३ लाख २६ हजार. म्हणजे ४० लाख घालून हाती उरतात सव्वातीन लाख. प्रस्ताव तरतो, पण काठावर.

आता यात माणसं आणा. पहिल्या वर्षी ऑपरेटरचा सेन्सरवर विश्वास बसत नाही. अलार्म आला तरी तो पंपावर हात ठेवून बघतो, 'ठीक आहे' म्हणतो आणि लॉगबुकात काहीच लिहीत नाही. मेंटेनन्सवाले जुन्याच वेळापत्रकाने बेअरिंग बदलत राहतात. त्यामुळे पहिल्या वर्षी बचत १२ ऐवजी ६ लाख होते. त्या गेलेल्या ६ लाखांची आजची किंमत ५ लाख ३६ हजार. सव्वातीन लाखांचा फायदा जाऊन दोन लाखांहून जास्त तोटा उभा राहिला. सेन्सर तेच, सॉफ्टवेअर तेच, कोटेशनही तेच. फरक पडला तो पहिल्या बारा महिन्यांत तिन्ही शिफ्टच्या माणसांनी ती सिस्टिम वापरली की नाही, एवढ्याने. हे ज्याला कागदावर मांडता येतं आणि त्याबरोबर 'पहिले सहा महिने प्रत्येक शिफ्टमध्ये एक माणूस या कामाला मोकळा द्या, त्याचा खर्च इतका' असंही सांगता येतं, त्याच्याकडे डायरेक्टर वेगळ्या नजरेने बघतो. असा कागद तयार करायला शिकायचं असेल तर ही पदवी घ्या.

एमटेक की एमबीए, हा वाद मी लांबवणार नाही. तुम्हाला कंट्रोल थिअरीत अजून खोल उतरायचं असेल, डिझाइनमध्येच राहायचं असेल, तर गेट ही प्रवेश परीक्षा द्या, एमटेक करा, आणि मॅनेजमेंटच्या नादी लागू नका. खोल तांत्रिक माणसांची आपल्याकडे टंचाई आहे आणि चांगल्या कंपन्या त्यांना मान आणि पैसा दोन्ही देतात. शिफ्टचा कंटाळा आला, वरिष्ठांशी जमत नाही, अशा कारणांसाठी मास्टर्स करत असाल तर नोकरी बदलणं स्वस्त पडेल. आणि तुम्हाला फक्त प्रकल्प वेळेत पुरा करायचं तंत्र हवं असेल तर पीएमपीचं (प्रकल्प व्यवस्थापकांसाठीचं) प्रमाणपत्र पुरेसं आहे. पदवीधराला त्यासाठी प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि तुमच्या सहा वर्षांत शटडाउनची (देखभालीसाठी प्लँट बंद ठेवून करायची) कामं तुम्ही चालवली असतील तर तो अनुभव बहुधा भरतो.

आता आपल्या हाताशी काय काय आहे ते पाहू. कळव्याहून विचार केला तर नशीब चांगलं आहे. पवईला दोन मोठ्या संस्था आहेत. एक आयआयटी मुंबईची शैलेश जे. मेहता स्कूल ऑफ मॅनेजमेंट, १९९५ पासूनची. आयआयटीतच असल्यामुळे तंत्रज्ञानाकडे तिचा कल पहिल्यापासून आहे. दुसरी विहार तलावाजवळची पूर्वीची नीटी, जी १९६३ मध्ये औद्योगिक अभियांत्रिकीसाठी सुरू झाली आणि २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. कारखाना, पुरवठा साखळी, ऑपरेशन्स या बाबतीत तिचं नाव आजही जुन्या प्लँट मॅनेजरांच्या तोंडी नीटी म्हणूनच असतं. दोन्हीकडच्या पूर्णवेळ एमबीएची वाट कॅट परीक्षेतून जाते आणि दोन्ही पूर्णवेळ म्हणजे तुमची नोकरी सुटणार.

राज्याच्या सीईटीतून मिळणाऱ्या एमबीए आणि त्याच्यासारख्याच एमएमएसच्या जागा ठाणे आणि नवी मुंबईतल्या अनेक कॉलेजांत आहेत: नेरुळ, खारघर, वाशी. यांतल्या काही चांगल्या आहेत, पण बहुतेक वर्ग नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलांचे असतात. सहा वर्षं प्लँट बघितलेल्या माणसाने तिथे दोन वर्षं पूर्णवेळ बसावं असं मला वाटत नाही. प्राध्यापक 'इन्व्हेंटरी म्हणजे काय' इथून सुरू करतील आणि शेजारच्या बाकावरून तुम्हाला शिकायला काही मिळणार नाही. या विषयात निम्मं शिक्षण सहाध्यायांकडून होतं, हे मी फार गांभीर्याने सांगते आहे. बँकेत सिस्टिम बदललेला, न्हावाशेवाच्या बंदरात कंटेनरचं ऑटोमेशन पाहिलेला, रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी केलेला, इस्पितळात नवं सॉफ्टवेअर लावताना डॉक्टरांशी भांडलेला, असे लोक एका वर्गात असतील तर तुमच्या सेन्सरच्या ऑपरेटरचं वागणं तुम्हाला तिथे कळेल.

नोकरदारांसाठी मुंबई विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या अर्धवेळ व्यवस्थापन पदव्या पूर्वापार आहेत, त्यांत माहिती व्यवस्थापनाची एमआयएमही येते. संध्याकाळी वर्ग, तीन वर्षांचा कस, पण फी तुलनेने आवाक्यातली. यंदा कोणत्या कॉलेजात तुकडी चालू आहे हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. संकेतस्थळावर नाव आहे म्हणजे वर्ग भरतो असं नाही. बिट्स पिलानीचा नोकरदारांसाठीचा कार्यक्रम आपल्या पट्ट्यातल्या इंजिनिअरांमध्ये बराच रुजला आहे. वर्ग मुख्यतः शनिवार-रविवारी ऑनलाइन, आणि तो काम करता करता शिकण्याच्या तत्त्वावर बेतलेला असल्यामुळे कंपनीची संमती आणि कामाच्या ठिकाणचा मार्गदर्शक लागतो. काहींना ही कटकट वाटते. मला तो त्याचा सर्वांत चांगला भाग वाटतो, कारण तुमच्या वरिष्ठाला तुमच्या अभ्यासात ओढायचं निमित्त आपोआप मिळतं. सर्वांत कमी खर्चात करायचं असेल तर इग्नूचा एमबीए आहे. त्याला स्वतःची शिस्त मात्र फार लागते.

ऑनलाइन पदव्यांच्या जाहिराती तुम्हाला रोज फोनवर येत असतील. एक नियम लक्षात ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत ती संस्था आणि तो नेमका अभ्यासक्रम, त्या वर्षासाठी, आहे का ते बघा. असेल तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. इंजिनिअरिंगच्या पदव्या मात्र दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालत नाहीत, त्यामुळे कोणी 'घरबसल्या दूरशिक्षणाचं एमटेक' विकत असेल तर फोन ठेवून द्या. पीजीडीएम ही डिग्री नव्हे, मॅनेजमेंटचा डिप्लोमा असतो. खासगी नोकरीत त्याने सहसा अडत नाही; पण पुढे पीएचडी करायची किंवा सरकारी उपक्रमात जायचं मनात असेल तर भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता त्याला आहे का हे लेखी मागून घ्या.

नावांच्या मागे लागू नका हेही सांगायला हवं. 'टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट' असं नेमकं नाव असलेले अभ्यासक्रम आपल्याकडे मोजकेच. नाव तेच असूनही आत फक्त आयटी प्रकल्प व्यवस्थापन निघतं, आणि 'ऑपरेशन्स' असं नाव असलेल्या पदवीत वरचे सगळे विषय सापडतात. एनएमआयएमएसचं एमबीए टेक ऐकून काही जण चौकशीला जातात. तो बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे, तुमच्यासाठी नाही. विषयांची यादी हातात घ्या. तंत्रज्ञानाची निवड आणि मूल्यमापन, वित्त, बौद्धिक संपदा, बदल रुजवणं, आणि एक मोठा प्रकल्प, एवढं त्यात आहे का ते बघा. मग मागच्या दोन तुकड्यांच्या प्रकल्पांची शीर्षकं मागा. 'भारतीय आयटी उद्योगाचा अभ्यास' यासारखीच शीर्षकं दिसली तर परत फिरा. 'अमुक प्लँटमधली जुनी कंट्रोल सिस्टिम टप्प्याटप्प्याने बदलण्याचा आराखडा' असं काही दिसलं तर तिथे बसा. शेवटचं म्हणजे, गेल्या वर्षी पास झालेल्याशी बोलू नका, तीन-चार वर्षांपूर्वी झालेल्याशी बोला. नव्याला अजून सगळं छान वाटत असतं.

पैशाचा हिशेब तुम्ही मांडलेला नाही, म्हणून मी मांडते. आकडे माझे आहेत, तुमचे घालून बघा. पगार वर्षाला ९ लाख धरू. दोन वर्षं घरी म्हणजे १८ लाख गेले, फी आणि राहणं मिळून आणखी २० लाख. एकूण ३८ लाख. पदवीनंतर कर जाऊन वर्षाला ६ लाख जास्त मिळाले तर व्याज न धरताही वसुलीला सहा वर्षांच्या वर लागतात, आणि या काळात घराचे हप्ते थांबत नाहीत. एकटा जीव असेल आणि आयआयटी किंवा आयआयएमचा प्रवेश हातात असेल तर मी हा हिशेब बाजूला ठेवून 'जा' म्हणेन. तुमच्या परिस्थितीत नाही म्हणेन. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करवजावट जुन्या करप्रणालीतच मिळते; तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर हिशेबात ती धरू नका.

परदेशाबद्दल. अमेरिकेत याला मास्टर ऑफ इंजिनिअरिंग मॅनेजमेंट म्हणतात. ड्यूक, डार्टमथ, नॉर्थवेस्टर्न इथले अभ्यासक्रम नावाजलेले आहेत. इंजिनिअरिंग मॅनेजमेंट तिथल्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत बसत असल्याने पदवीनंतर १२ महिने आणि वर २४ महिने अशी तीन वर्षं काम करायची मुभा मिळते, आणि आपली मुलं बहुतेक त्या तीन वर्षांच्या पगारावर कर्ज फेडायचा बेत आखतात. पण त्यापुढे नोकरीसाठी लागणारा एच-१बी व्हिसा सोडतीवर आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांसाठी एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाल्यापासून मालकांचं गणितच बदललं आहे. आधी तिकडे शिकलेल्या ओळखीच्यांचे सल्ले आता जसेच्या तसे लागू पडत नाहीत. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत फी बहुतेक ठिकाणी नाममात्र असते, पण म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने, जिथला मॅनेजमेंट आणि टेक्नॉलॉजीचा मास्टर्स आपल्याकडे लोकप्रिय आहे, २०२४च्या हिवाळी सत्रापासून युरोपाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) दाखवावे लागतात, आणि कारखान्यात नोकरी हवी तर जर्मन भाषेला पर्याय नाही. परदेशात स्थायिक व्हायचं असेल तर हा मार्ग जरूर बघा. परत येऊन इथल्याच प्लँटमध्ये वरची जागा हवी असेल तर त्यासाठी एवढा मोठा वळसा घ्यायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलाखतीत मी काय बघते तेही सांगते, म्हणजे पदवीचा उपयोग कुठे होतो ते कळेल. एस-वक्राची व्याख्या मी कधी विचारत नाही. मी विचारते, 'तुम्ही एखादं नवं तंत्रज्ञान नको म्हणून सांगितलंय का, आणि का?' बहुतेक जण गडबडतात, कारण सगळ्यांनी नव्याचीच तरफदारी केलेली असते. ज्याने 'क्लाउडवर डेटा न्यायचा प्रस्ताव होता, पण आमच्या प्लँटचं नेट दिवसातून दोनदा जायचं, म्हणून आधी तिथेच सर्व्हर ठेवा असं म्हटलं, त्याचा खर्च इतका आला' असं सांगितलं, त्याचं पुढचं मी कान देऊन ऐकते. दुसरा प्रश्न असतो, 'सिस्टिम बसवल्यानंतर एका वर्षाने तुम्ही परत आकडे तपासले का?' कोटेशन मंजूर झालं की सगळे टाळ्या वाजवतात. वर्षाने ती बचत खरंच झाली का हे बघायला कोणी जात नाही. जो जातो, तो मला हवा असतो, पदवी असो वा नसो. चांगली पदवी हीच सवय लावते.

आता कामाला कसं लागायचं ते. पुढच्या महिनाभरात तुमच्या प्लँटमधला एक निर्णय निवडा. सहा वर्षांत तुम्हाला नक्की माहीत असेल: डीसीएसचे (प्लँट चालवणाऱ्या कंट्रोल सिस्टिमचे) सुटे भाग मिळेनासे झालेत पण बदलायचं धाडस कोणी करत नाही, किंवा कामाच्या परवानग्यांची कागदी परमिट सिस्टिम टॅबवर आणायचा प्रयत्न दोनदा फसला. त्यावर दोन पानं लिहा: आज काय होतं, न बदलल्यास वर्षाला किती जातात, पर्याय कोणते, कोणाचा विरोध आहे आणि तो का. विरोध करणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा; अनुभवी ऑपरेटर 'हे चालणार नाही' म्हणतो तेव्हा त्याच्याकडे बहुतेक वेळा ठोस कारण असतं, फक्त त्याला ते मिटिंगमध्ये कोणी विचारलेलं नसतं. ही दोन पानं लिहिताना जिथे जिथे अडाल, ते तुमचे मास्टर्सचे विषय. कुठेच अडला नाहीत तर पदवीची गरज नाही, तो कागद घेऊन थेट वरिष्ठांकडे जा. आणि अडलात तर हीच दोन पानं प्रवेशाच्या मुलाखतीत सोबत न्या.

वेळेचं बघा. जनरल शिफ्ट असेल तर अर्धवेळ जमतं. फिरती शिफ्ट असेल तर संध्याकाळचे वर्ग निम्मे बुडतील, म्हणून शनिवार-रविवारचाच कार्यक्रम घ्या आणि शिफ्ट इनचार्जशी रोस्टरचं आधीच बोलून ठेवा. तुमच्या प्लँटचा वार्षिक शटडाउन कोणत्या महिन्यात येतो आणि सत्र परीक्षा कोणत्या महिन्यात, हे दोन्ही एका कागदावर लिहून बघा. ते एकमेकांवर आले तर दोन्हीची वाट लागते. शटडाउनमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसाला सुट्टी मिळत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. आईवडिलांचे डॉक्टर, बँकेची कामं, घरातलं काय कोणाकडे सोपवायचं, हेही आधी बोलून घ्या. दोन-तीन वर्षं तुमचे रविवार तुमचे नसतील.

प्रकल्पासाठी प्लँटचे आकडे वापरणार असाल तर कंपनीकडून लेखी परवानगी घ्या. केमिकल प्लँटमध्ये प्रक्रियेचे आकडे, तापमान, उत्पादन हे सगळं गोपनीय असतं. तोंडी 'हो' पुरत नाही, कारण हो म्हणणारा साहेब मधेच दुसरीकडे जातो. आकडे एका ठरावीक पटीने बदलून दिले तरी प्रबंध चालतो, हे मार्गदर्शकाशी सुरुवातीलाच ठरवून घ्या.

आणि कंपनी फी भरायला तयार झाली तर आनंदाने घ्या, पण बॉण्ड नीट वाचा. किती वर्षं थांबायचं, ती मुदत प्रवेशापासून मोजणार की पदवी मिळाल्यापासून, मधेच सोडल्यास पूर्ण फी परत करायची की उरलेल्या काळाच्या प्रमाणात, आणि कंपनीनेच तुम्हाला काढलं किंवा प्लँट विकला गेला तर काय, या चारही गोष्टी त्यात लिहिलेल्या हव्यात. मुदत पदवीपासून मोजणार असतील आणि अभ्यासक्रम तीन वर्षांचा असेल, तर दोन वर्षांचा बॉण्ड प्रत्यक्षात पाच वर्षांचा होतो. सही करण्याआधी एचआरकडून मुदत प्रवेशापासून मोजायचं लिहून घ्या. तिथे ते सहसा फार ताणत नाहीत.